वाणाची बादली

रत्नानं गिरणीच्या काट्यावर बादली आदळली आणि माझा पाराच चढला.

"ही बादली कुठली गं?" मी विचारलं.

"असं काय करता अक्का? तुम्हीच दिली की."

मी कसली देतेय! बादली नगरपरिषदेची होती. हिरवीगार, झाकणाची, पोटावर पांढऱ्या अक्षरांत 'ओला कचरा' असं ठळक लिहिलेली. आणि रत्नानं तिच्यात काठोकाठ शाळू भरून दळायला आणला होता.

"तुला वाचता येतं ना? काय लिहिलंय तिच्यावर?"

"येतं की." रत्ना हसली. "जरा बारीक दळा हं. मागच्या खेपेला भाकऱ्या चिरल्या सगळ्या."

"अगं बाई, ही कचऱ्यासाठी दिलीय! खरकटं, भाजीची देठं, चहाचा चोथा टाकायला!"

रत्ना माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी अभद्र बोलले. "काहीतरीच काय अक्का!" एवढं म्हणाली आणि तोंड फिरवलं. तिच्यामागे रांगेत आणखी तिघी उभ्या होत्या. त्यातल्या दोघींच्या हातात तशीच हिरवी बादली. एकीत गहू, एकीत हरभऱ्याची डाळ. मी गिरणी बंद केली, डोक्याला हात लावला आणि स्टुलावर बसले.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. गावाचं नाव सांगत नाही, तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे. उगाच कुणाच्या मनाला लागायला नको. मी तेव्हा आमच्या प्रभागाची नगरसेविका होते. हौसेनं नव्हे हो. हे गेले, पाठोपाठ निवडणूक लागली, आमची जागा बायकांना राखीव निघाली, आणि गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बायकांनीच मला उभं केलं. "अक्का, तुम्हाला सगळ्या ओळखतात," एवढंच कारण. सुरुवातीच्या सभांमध्ये मी नुसता चहा प्यायले आणि बाकीचे हात वर करतील तेव्हा हात वर केला.

गावाचा कचरा डेपो आमच्या प्रभागाच्या पाठीमागे. डेपो कसला, उघड्या माळावरचा ढीग. ओलं-सुकं सगळं एकात. ते कुजायचं, मग कुणीतरी पेटवायचं, आणि संध्याकाळी वारा फिरला की धूर आमच्या दारात. माझी धाकटी जाऊ शैला आणि मी भिंतीला भिंत लागून राहतो. तिची मुक्ता तेव्हा पहिलीत होती. धूर आला की पोरीची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. शैला तिला मांडीवर घेऊन वाफेचं मशिन तोंडाला धरून बसायची आणि मी दोन्ही घरांच्या खिडक्या लावत पळायचे. त्या पोरीचा श्वास ऐकत बसणं म्हणजे काय असतं, ते मी कुणाला सांगू शकणार नाही.

त्या साली गवांदे नावाचे मुख्याधिकारी बदलून आले. कोवळा माणूस, मिशी नीट फुटलेली नाही, पण बोलणं मुद्द्याचं. सभेतल्या बहुतेकांचं म्हणणं होतं, डेपो अपुरा पडतोय, शेजारचं गायरान घ्या आणि वाढवा. गायरान संपतं तिथं मुक्ताच्या शाळेचं कुंपण. मी पहिल्यांदा सभेत उभी राहिले ती तेव्हा. काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज चढला होता एवढं नक्की.

सभेनंतर साहेबांनी मला थांबवून घेतलं. "अक्का, ढीग वाढवणं म्हणजे गाव वाढवणं नव्हे. लोकांनी घरातच ओला कचरा वेगळा ठेवला, तर आपण प्रत्येक प्रभागात खताचे खड्डे करू. मग डेपोत न्यायला उरतंय काय?"

"मग करा की."

"सभेला पटायला पाहिजे. एक प्रभाग करून दाखवावा लागेल."

"माझा घ्या," मी म्हणाले.

"शिवरात्रीच्या आधी सभा आहे. तोवर तुमच्याकडून ओला कचरा वेगळा आला, तर ठराव आपला. नाही आला, तर गायरान गेलंच समजा."

बादल्या आल्या. फुकट म्हटल्यावर लोक उड्या मारतील असं आम्हाला वाटलं होतं. कुत्रं फिरकलं नाही. नगरपरिषद फुकट काही देते म्हणजे पाठीमागे काहीतरी काळंबेरं आहे, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत. "घरपट्टी वाढवणार असतील," एक म्हणाली. "बादली घेतली की सही घेतात म्हणे," दुसरी म्हणाली. बादल्या नगरपरिषदेच्या व्हरांड्यात एकीत एक घालून धूळ खात पडल्या.

तेवढ्यात संक्रांत आली, आणि मला ती कल्पना सुचली. सरकारी बादली नाकारणाऱ्या बायका गल्लीभर होत्या, पण वाण नाकारणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. हळदीकुंकू करायचं, तिळगूळ द्यायचा आणि वाण म्हणून बादल्या लुटायच्या! साहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "अक्का, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं," म्हणाले.

हळदीकुंकू मी करणार नव्हते, हे वेगळं सांगायला नको. आता कुठं कुठं विधवा बायका कुंकू लावतात, लावून घेतात. आमच्या गल्लीत तेव्हा ते नव्हतं, आणि मलाही ते सुचलं नाही. शैलाला पुढं केलं. ती काळी चंद्रकळा नेसून पुढच्या खोलीत बसली, आणि मी दाराआड उभी राहून एकेक बादली तिच्या हातात देत राहिले. ती बादलीला हळदीकुंकवाची बोटं ओढायची आणि बायकांच्या पदरात घालायची. "ओल्या कचऱ्याला आहे हं," असं दरवेळी न विसरता सांगायची. बायका "हो हो" म्हणायच्या, नाव घ्यायच्या, खिदळायच्या. बघता बघता बादल्या संपल्या.

मध्येच शैला वड्यांचं ताट न्यायला आत आली आणि म्हणाली, "डोकं तुमचं, राबणं तुमचं, आणि तुम्ही दाराआड. बरं नाही वाटत अक्का."

"गप. वड्या संपत आल्यात, त्या बघ," मी म्हणाले.

रथसप्तमी झाली आणि घंटागाडी सुरू झाली. गाडीला दोन कप्पे, एक ओल्याचा, एक सुक्याचा. इराप्पा गाडी चालवायचा. पहिल्या दिवशी मी चौकातच उभी राहिले. इराप्पा फेरी मारून आला आणि खाली मान घालून म्हणाला, "अक्का, ओल्याचा कप्पा रिकामाच."

"रिकामा कसा?"

"पिशव्या टाकत्यात बाया. सगळं एकात."

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला तरी तेच. मी नगरपरिषदेत गेले. साहेबांनी विचारलं, "बादल्या पोचल्या ना?"

"घरोघर पोचल्या."

"लोकांनी घेतल्या?"

"आनंदानं घेतल्या."

"मग कचरा?"

"येत नाही."

त्यांना वाटत होतं मी काहीतरी लपवतेय, आणि मला वाटत होतं हे शिकले-सवरलेले आहेत, यांना तरी कळेल. दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडेना.

त्यानंतरचीच ही रत्नाची बादली. मला आधी राग आला. वाटलं, या बायका लबाड. फुकटची वस्तू बघितली आणि घरात वापरायला काढली. मी गल्लीत फिरले. एकीकडे बादलीत पापड. एकीकडे नव्या सुनेच्या शाली घडी घालून. पाटलांच्या घरी तर बादली देव्हाऱ्याशेजारी, वर स्वस्तिक काढलेलं. आता देव्हाऱ्यात बादली ठेवणाऱ्या बाईला लबाड कसं म्हणायचं? माझा राग कुठं टेकवावा हेच मला समजेना.

इराप्पाला विचारलं, "एकाही घरातून ओला कचरा येत नाही का रे?"

"येतो की. चार घरांतनं." त्यानं बोटांवर मोजली. "तुमच्यातनं येतो. पारूआत्याच्यातनं. शमीमभाभीच्यातनं. आणि ते घोलप मास्तर खोली करून राहत्यात, त्यांच्यातनं."

चार घरं, पण एका गल्लीत नाहीत. जात एक नाही, धर्म एक नाही. पारूआत्या निरक्षर, मास्तर एम.ए. या चौघांत सारखं काय आहे? मी स्वयंपाक करता करता विचार करत होते, आमटीत दोनदा मीठ पडलं.

शेवटी सरळ रत्नाच्या घरी गेले. "रत्ना, मला वेडी समज, पण खरं सांग. त्या बादलीत कचरा का टाकत नाहीस?"

रत्नानं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अक्का, सवाष्णीचं वाण आहे ते. शैलाताईंनी हळदीकुंकू लावून पदरात घातलंय. त्यात उष्टंखरकटं कसं टाकू? आमचे हे रोज मोटारसायकलवरनं एमआयडीसीत जातात. काही बरंवाईट झालं तर?"

मी मनात ती चार घरं मोजली. माझं घर आणि पारूआत्याचं, आम्हा दोघींना कपाळ मोकळं म्हणून हळदीकुंकवाला बोलावणंच नसतं. शमीमला मी बादली नुसती दारात नेऊन दिली होती. आणि मास्तर पडले पुरुषमाणूस, त्यांना आणि पारूआत्यालाही तशीच दिलेली. चौघांनाही बादली मिळाली होती, वाण कुणालाच मिळालं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी नगरसेविका होऊन चौकात घंटागाडीची वाट बघत उभी!

साहेबांना सांगितलं तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "अंधश्रद्धेवर एखादं व्याख्यान ठेवू या का?"

"ठेवा. बायका येतील, टाळ्या वाजवतील, आणि घरी जाऊन बादलीत तांदूळ भरतील. सभेला दिवस किती राहिलेत, बघा."

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं आणि व्याख्यान सोडून दिलं. त्या संध्याकाळी पुन्हा धूर आला. मुक्ताला पोटाशी धरून शैला भिंतीला टेकून बसली होती, आणि मी खिडक्या लावत होते. खिडकीची कडी घालता घालता माझ्या मनात आलं, वाण दिलं ते सवाष्णीच्या हातानं. मग ते मोडायला माझा हात आहेच की!

सकाळी घरातली कांद्याची टरफलं, कोबीची पानं, काल चिरलेल्या वांग्यांची देठं, सगळं एका पिशवीत भरलं आणि निघाले. पहिलं घर रत्नाचं. "आण ती बादली," म्हटलं. आत उरलेलं पीठ तिच्या डब्यात ओतलं, पदरानं हळदीचं बोट पुसलं आणि मूठभर देठं आत टाकली.

"घे. भवानी माझ्या हातची," मी म्हणाले. "आता हे वाण राहिलं नाही. कचऱ्याची बादली झाली. तुझ्याकडे काही दोष नाही, सगळा माझ्याकडे."

रत्नानं बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इतका मोठा श्वास सोडला की मलाच आश्चर्य वाटलं. "बरं झालं बाई अक्का! मला पण ती बादली ठेवावी कुठं, कळत नव्हतं." असं म्हणून तिनं माझ्यासमोरच चहाचा चोथा आत टाकला.

ती खूश झाली. मीही खूश व्हायला हवं होतं. पण मला कुठंतरी टोचलं. मला वाटलं होतं, निदान तोंडदेखलं तरी "असं काय बोलता अक्का" म्हणेल.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. बायका दारातनं हाका मारायला लागल्या. "अक्का, आमच्याकडं पण या!" "अक्का, आमच्या बादलीला पण हात लावून जा की!" हे गेल्यापासून बारशाला नाही, डोहाळजेवणाला नाही, लग्नाघरी गेले तर मागच्या रांगेत. आणि आता माझा अपशकुन दारोदार मागवत होते, वर चहा पाजत होते. पाटलांच्या वहिनींनी तर देव्हाऱ्याशेजारची बादली स्वतः आणून माझ्यापुढे ठेवली आणि बाजूला सरकून उभ्या राहिल्या. हसावं की रडावं, मला कळेना. हसतच होते मी. मूठ मूठ देठं टाकत, चेष्टा करत, घर घर उरकत चालले होते.

शेवटचं घर शैलाचं. ती ओट्याशी मेथी निवडत होती. मुक्ता खाटेवर रंगाची पेटी घेऊन बसली होती, मधूनमधून खोकत होती. शैलाची बादली देवाच्या फळीखाली होती. रिकामी, पुसून लख्ख, हळदीकुंकवाची बोटं जशीच्या तशी.

"आण गं ती," मी म्हणाले. "तुझी तेवढी राहिली."

"नाही," शैला म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. मीच बादलीकडे वाकले. तिनं पुढं होऊन ती उचलली आणि पोटाशी धरली. "तुम्ही नाही हात लावायचा अक्का."

शैलाचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, तेव्हा द्राक्षांची गाडी घेऊन कोलकात्याला गेले होते. म्हणजे शैलाही! बाकीच्यांचं सोडा. पण हिचं बाळंतपण मी केलं. हिच्या पोरीच्या उशाशी मी जागले. त्या घरातल्या मिठाच्या डब्यापासून पाळण्यापर्यंत कशाला माझा हात लागला नव्हता? आणि आज नवरा रस्त्यावर आहे म्हणून माझा हात नको झाला.

"बरं बाई," मी म्हणाले. "एका घरानं काही अडत नाही." आणि पिशवी उचलून वळले.

"थांबा अक्का!" शैला एवढ्या जोरात ओरडली, की मुक्तानं रंग खाली ठेवला. "मघाशी रत्ना येऊन गेली. हसत हसत सांगत होती, अक्कांचा हात लागला, आता बादली वाया गेली, वापरायला मोकळी. मी ऐकून घेतलं. गल्लीला काय मानायचं ते मानू दे. तुमच्या हातानं वस्तू वाया जाते, असं मी पण मानू? माझ्या घरात?"

"अगं, पण ते तुझं वाण..."

"माझंच आहे ना? मग मीच टाकते."

तिनं बादली ओट्यावर ठेवली. झाकण काढलं. एका हातानं मेथीच्या काड्यांची मूठ उचलली आणि दुसऱ्या हातानं गळ्यातलं मंगळसूत्र घट्ट धरलं. डोळे मिटले. मूठ बादलीवर आली आणि तिथंच थांबली. काड्या एकेक करून बाहेर पडत होत्या.

"शैला, राहू दे," मी म्हणाले. "खरंच राहू दे."

मुक्ता खोकली.

शैलानं मूठ उघडली. मग झाकण लावलं, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा टाकू?"

मी चहा घेतला. ती माझ्यावर चिडलीय, घाबरलीय की नुसती दमलीय, काही उलगडेना. घरी येऊन पडले तरी ती बादलीवर थांबलेली मूठ डोळ्यापुढनं जाईना.

सभेचं पुढं काय झालं ते सांगून टाकते. ओल्याचा कप्पा भरून यायला लागला, खड्डे भरले, ठराव आमच्या बाजूनं झाला आणि गायरान वाचलं. वर्षभरात बाकीचे प्रभागही वळले. डेपोच्या जागी आज करंजाची झाडं आहेत आणि मुक्ता तालुक्याच्या संघातून खो-खो खेळते. गवांदे साहेबांचा कुठंतरी सत्कार झाला, त्यात ते म्हणाले की हे सगळं जनजागृतीनं झालं. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "पण अक्का, तुम्ही नेमकं केलंत तरी काय?" मी म्हणाले, "काही नाही, हात लावला." त्यांना काही समजलं नाही, आणि मला सांगता आलं नसतं.

पण मला सभा आठवत नाही. मला आठवते ती शैलानं काड्या टाकल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतली एक सकाळ. घंटागाडी आली होती. शैला बादली घेऊन पायरीवर उभी होती, मी माझी घेऊन तिच्या शेजारी. तेवढ्यात कोपऱ्यावर ओळखीचा हॉर्न वाजला. भाऊजींची गाडी.

शैलाच्या हातातली बादली पायरीवर टेकली आणि ती तिच्याशेजारीच खाली बसली. पदर तोंडात कोंबून हुंदके द्यायला लागली. असं रडताना मी तिला तिच्या बापाच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

"अगं, काय झालं? आले की ते!" मी घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि लगेच काढून घ्यायला गेले. तिनं तो घट्ट धरला, सोडेचना.

"फोन लागत नव्हता अक्का," ती म्हणाली. "तुम्ही पिशवी घेऊन आला होता ना, त्याच्या आदल्या दिवसापासनं लागत नव्हता. एकदा पण लागला नाही."

भाऊजी गाडीतनं उतरून आले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, तोंडभर हसू. म्हणाले, मोबाईल ढाब्यावर चोरीला गेला, नंबर पाठ नव्हता एकही. मग त्यांनी पायरीवर बसलेल्या बायकोकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला. हळदीकुंकवाची बोटं बादलीवर अजून होती.

"वहिनी, हिला काय झालं? आणि हे काय घेऊन बसलीय?"

"काही नाही भाऊजी," मी म्हणाले. "तिनं ओला कचरा वेगळा ठेवलाय."